कुंपणाची किंमत

मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे की, त्यातील गाडीला ब्रेक मुळीच नसतो. इंजिन पाचशे घनसेंटिमीटरचे, इंधन मेथॅनॉल, गिअर एकच, आणि धावपट्टी लंबवर्तुळाकार व कच्च्या खडीची. एका वेळी चार स्वार सुटतात, चार वळसे घालतात, आणि साधारण मिनिटभरात सारा खेळ आटोपतो. वळणावर मागचे चाक बाहेर फेकायचे, पोलादी पत्रा बांधलेला डावा पाय जमिनीवर टेकायचा आणि गाडी आडवी घसरवीत न्यायची, हीच येथे वेग आवरण्याची रीत. ह्या खेळाला स्पीडवे म्हणतात. ब्रेक नाही हे ऐकून नवखा श्रोता दचकेल. परंतु जाणकारांच्या मते ब्रेक नसणे हीच एक सुरक्षितता होय. पुढच्या स्वाराने अकस्मात थांबावयाचे ठरविले, तर मागून येणाऱ्या तिघांची काय गत होईल, ह्याची कल्पना केलेली बरी!

तेव्हा हाताबाहेर गेलेली गाडी थांबविण्याचे काम शेवटी एकाच वस्तूकडे येते. ती म्हणजे धावपट्टीभोवतीचे कुंपण. हे कुंपण कशाचे असावे, ते कोणी बांधावे, आणि ज्या जमिनीवर ते उभे राहावयाचे ती जमीन कोणाची, ह्या तीन प्रश्नांपाशी ब्रिटनमधील स्पीडवेचा आर्थिक इतिहास पुनःपुन्हा येऊन अडलेला दिसतो.

खेळ मूळचा ऑस्ट्रेलियातील. न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे १९२३ च्या डिसेंबरात झालेल्या शर्यतींपासून त्याचा आरंभ सामान्यतः मानला जातो. ब्रिटनमध्ये तो रुजला तो १९ फेब्रुवारी १९२८ रोजी, लंडनजवळच्या एपिंग अरण्यातील हाय बीच येथे. त्या दिवशी संयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पट लोक लोटले आणि पार धावपट्टीच्या कडेपर्यंत दाटीवाटीने उभे राहिले. इतकी माणसे तिकीट काढून येतात हे एकदा दिसल्यावर पुढच्या काही महिन्यांत गावोगाव धावपट्ट्या उघडल्या.

त्या उघडल्या मात्र दुसऱ्याच्या अंगणात. ब्रिटनमधील पहिले खास बांधलेले ग्रेहाउंड-मैदान मँचेस्टरमधील बेल व्ह्यू येथे जुलै १९२६ मध्ये सुरू झाले होते. पाठोपाठ शहराशहरांत कुत्र्यांच्या शर्यतींसाठी दिवे, गॅलऱ्या व तिकिटघरे असलेली मैदाने उभी राहिली. स्पीडवेला सगळे आयते मिळाले. आठवड्यातील एक रात्र भाड्याने घ्यावी, कुत्र्यांच्या पट्टीच्या आतल्या बाजूस खडीची पट्टी आखावी आणि मध्ये कुंपण घालावे, म्हणजे झाले. परंतु मालकाची खरी मिळकत कुत्र्यांवर लागणाऱ्या पैजांतून येत असे. पैज लावणाऱ्याला आपला कुत्रा स्पष्ट दिसला पाहिजे. म्हणून कुंपण उंच नको, भरीव नको, आणि शक्य तर शर्यत संपताच काढून ठेवता येईल असे हवे. स्वाराच्या दृष्टीने पाहिले तर गरज नेमकी उलट. हलक्या जाळीत चाक अडकते, उघड्या खांबावर माणूस आदळतो. भाडेकरूने मालकाच्या घरात भिंत बांधावयाची म्हटली की जो वाद होतो, तोच येथे. फरक एवढाच की, भिंतीच्या अलीकडे माणसांचे जीव असत.

हे धोके काल्पनिक नव्हते. १९३५ च्या ऑगस्टमध्ये टॉम फार्नडन हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय स्वार लंडनच्या न्यू क्रॉस मैदानावर अपघातात सापडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. त्यानंतरच्या वर्षी वेम्बली येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली व ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग विजयी झाला. शोक आणि उत्सव ह्यांची ही शेजारशेजारची बैठक ह्या खेळाच्या अंगवळणी पडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे म्हणजे स्पीडवेची भरभराट. वेम्बलीसारख्या मैदानावर एका साध्या साखळी-सामन्यालाही हजारोंची गर्दी होई. ह्या काळात कुंपणे, दिवे, वैद्यकीय व्यवस्था ह्यांसाठी गंगाजळी साठवावयास हवी होती, असे आज म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तिकिटाचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत जात होता. ब्रिटनमध्ये करमणूक-कर १९१६ पासून होता. १९४६ मध्ये खेळांच्या तिकिटांवर त्यात सवलत देण्यात आली. परंतु जनावरांच्या व वाहनांच्या शर्यती तीतून वगळल्या गेल्या. फुटबॉल व क्रिकेट हे खेळ ठरले, स्पीडवे मात्र शर्यत ठरली! कायद्याच्या शब्दाचा अर्थ कोणाला किती महाग पडतो, ह्याचे एवढे चांगले उदाहरण विरळाच. सुगीच्या दिवसांत ही कात्री लागली, आणि खेळांवरील हा कर उठला तो १९५७ साली. तोवर दूरचित्रवाणी घराघरांत येऊ लागली होती, प्रेक्षक ओसरले होते, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वेम्बलीचे सर्वेसर्वा आर्थर एल्विन निवर्तल्यावर तेथील प्रख्यात संघही बंद झाला. पुढे १९६० साली धाकट्या मैदानांची एक स्वतंत्र प्रांतीय साखळी निघाली. थोरल्या साखळीशी तिचा तंटा होऊन लॉर्ड शॉक्रॉस ह्यांची चौकशी झाली, आणि १९६५ मध्ये दोहोंची मिळून ब्रिटिश लीग स्थापन झाली. त्या तंट्याचा तपशील येथे नको.

ह्या पडत्या काळातही एक मैदान टिकून होते. बेल व्ह्यूचा ‘एसेस’ नावाचा संघ १९२८ मध्ये कुत्र्यांच्या मैदानावर सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी जवळच्या हाइड रोडवरील मैदानावर गेला. तेथे धावपट्टी मोठी होती आणि बाहेरच्या अंगाला कुत्र्यांची पट्टी नसल्यामुळे प्रेक्षक थेट कुंपणाला भिडून बसत. महायुद्ध चालू असतानाही तेथे शर्यती होत राहिल्या. पीटर क्रेव्हन हा ह्याच संघाचा स्वार. ठेंगणा, सडपातळ, गाडीवर तोल साधण्यात असामान्य. १९५५ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये तो जगज्जेता झाला. २० सप्टेंबर १९६३ रोजी एडिनबरोच्या मेडोबँक मैदानावर एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्याच्यापुढचा स्वार पडला. त्याला चुकविण्यासाठी क्रेव्हनने गाडी बाहेर घेतली, आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो रुग्णालयात वारला. पडलेल्या स्वाराचा जीव वाचला. ज्या वस्तूला सुरक्षा-कुंपण म्हणत, तिनेच जगज्जेत्याचा घात केला, ही गोष्ट बेल व्ह्यूच्या प्रेक्षकांना विसरता येणे शक्य नव्हते. त्याच्या नावाने स्मृति-स्पर्धा सुरू झाली.

मग कुंपणे लगोलग सुधारली का? थोडी सुधारली, पण प्रत्येक सुधारणेचा खर्च क्लबच्या माथी, आणि क्लब म्हणजे बहुधा एखादा हौशी व्यापारी व त्याची आठवड्याची तिकीटविक्री. ह्या व्यवहाराचा ताळेबंद विचित्र आहे. मैदानाचे भाडे, रुग्णवाहिका, डॉक्टर, विमा, धावपट्टीची निगा ह्या खर्चांचा प्रेक्षकांच्या संख्येशी काही संबंध नसतो. सहाशे लोक आले तरी रुग्णवाहिका लागते, सहा हजार आले तरी तीच लागते. आणि ती जखमी स्वाराला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत शर्यत थांबते. पाऊस पडला तर तिकीटविक्री बुडते, तयारीचा खर्च मात्र झालेलाच असतो. शिवाय धावपट्टी ही नुसती माती नव्हे. खाली घट्ट दाबलेला थर, वर काही बोटे जाडीची बारीक खडी. ती कोरडी पडली तर धुरळ्याने मागचा स्वार आंधळा होतो, फार भिजली तर चाकोऱ्या पडून गाडी उसळते. पाणी केव्हा व किती मारावे हे जाणणारा माणूस मिळणे, हेच क्लबचे भाग्य समजावे.

१९८७ मध्ये हाइड रोडचे मैदान विकले गेले. गॅलऱ्यांच्या जागी पुढे मोटारींच्या लिलावाचे आवार झाले, आणि एसेस १९८८ पासून पुन्हा आपल्या जन्मस्थानी, कुत्र्यांच्या मैदानात भाडेकरू म्हणून आले. लंडनमध्ये विंबल्डनचा जुना संघ १९९१ च्या हंगामाच्या मध्यातच मैदान सोडून ईस्टबोर्नला गेला. शहरातील जमिनीचा भाव वाढत होता, आणि आठवड्यातून एकदा तिच्यावर फिरणाऱ्या मोटारसायकली त्या भावाला पुऱ्या पडत नव्हत्या.

अशा काळात हवेचे कुंपण आले. ते म्हणजे मजबूत कापडाचे मोठाले फुगीर ठोकळे. ते वळणांवर पक्क्या फळ्यांच्या पुढे ओळीने लावतात आणि पंख्यांनी त्यांत सतत हवा भरीत राहतात. स्वार आदळला की ठोकळा दबतो आणि आघात क्षणभर लांबवितो. तेवढ्या क्षणावर बरगडीचे मोडणे न मोडणे अवलंबून असते. चालू शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनच्या वरच्या साखळीत ते सक्तीचे झाले. त्याविषयी वाद कोणी घातला नाही. प्रश्न होता पैशाचा. कुंपण विकत घ्यावयाचे, फाटले तर शिवावयाचे, हंगामाअखेर काढून जपून ठेवावयाचे, आणि हे सारे अशा मैदानावर, जेथून मालक उद्या जा म्हणेल. धाकट्या साखळीतील कित्येक ठिकाणी प्रेक्षकांनीच वर्गणीचे डबे फिरविले. आपल्या आवडत्या स्वाराला कमी लागावे म्हणून तिकिटाच्या पैशांवर आणखी नाणी टाकणारा हा प्रेक्षक, ह्या खेळाला रक्ताची चटक लागलेल्यांचा मेळावा म्हणून हिणविणाऱ्यांनी अवश्य पाहावा.

बेल व्ह्यूपुरता ह्या पेचातून बाहेर पडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. मँचेस्टरच्या नगरपालिकेच्या पुढाकाराने, जुन्या मैदानाच्या शेजारीच, सुमारे ८० लाख पौंड खर्चून राष्ट्रीय स्पीडवे मैदान उभारण्यात आले. जमीन शहराची, बांधकाम ह्याच खेळासाठी, प्रेक्षकांची सोय सुमारे सहा हजारांची. उद्घाटन ठरले १९ मार्च २०१६ रोजी, आणि पहिली स्पर्धा अर्थातच पीटर क्रेव्हनच्या स्मृतीची. प्रेक्षक जमले. स्वार आले. आणि धावपट्टीच धड नाही असे दिसून आले: वळणावरचा पृष्ठभाग चाकांखाली टिकेना. पाहणी झाली, चर्चा झाली, वेळ गेला. शेवटी शर्यती रद्द केल्या गेल्या.

त्या रात्री घरी परतणाऱ्या प्रेक्षकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण क्षणभर दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. नवे मैदान, भरलेल्या गॅलऱ्या, तिजोरीला पैशाची निकड, आणि सुटण्यास सज्ज असलेले स्वार. ‘दोन फेऱ्या सावकाश घेऊन पाहू’ असे म्हणण्याचा मोह ह्याहून मोठा कोणता असावयाचा? कुंपणावर आदळून गेलेल्या माणसाच्या नावाची ती स्पर्धा होती. ती त्या पट्टीवर झाली नाही, हाच त्या रात्रीचा एकमेव योग्य निर्णय होता.

त्याची किंमत मात्र चुकली नाही. धावपट्टी पुन्हा घालावी लागली, हंगामाच्या आरंभीचे सामने पुढे गेले आणि त्यांचे उत्पन्न लांबले. खेळाच्या बाजूने वर्ष उत्तम गेले. एसेस अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले व वुल्व्हरहॅम्प्टनकडून हरले. हिशेबाच्या बाजूने ते टिकले नाहीत. वर्ष संपता संपता क्लब चालविणारी मंडळी कर्जात रुतली, आणि २०१७ च्या हंगामासाठी क्लब नव्या हातांत गेला. मैदान शहराचे असल्यामुळे ते विकले गेले नाही, एवढा फरक पडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्याच पट्टीवर ब्रिटनने राष्ट्रांची स्पर्धा जिंकून सांघिक जगज्जेतेपद बत्तीस वर्षांनी परत मिळविले, आणि २०२२ मध्ये एसेस साखळीचे विजेते ठरले.

इतरांच्या नशिबी ते नव्हते. कॉव्हेन्ट्रीच्या ब्रँडन मैदानावर १९२८ पासून शर्यती होत असत. तेथील शेवटचा हंगाम २०१६ चा. पीटरबरोच्या संघाने प्रदर्शन-मैदानावरील आपली जागा २०२३ मध्ये गमावली. वुल्व्हरहॅम्प्टन येथील मनमोर ग्रीन हे कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान. मालकाने स्पीडवेचा करार पुढे चालू ठेवला नाही, आणि २०१६ च्या त्या विजेत्या संघाचे दिवेही २०२३ च्या हंगामाअखेर मालवले. कुत्र्यांच्या शर्यती तेथे त्यानंतरही चालू राहिल्या.