लॅपटॉपमधला डग्गा कुठे गेला?

शाळेत नवा लॅपटॉप येतो. संगीताच्या तासाला त्यावर तबलावादनाचे ध्वनिमुद्रण लावले जाते. तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा नाहीसा झालेला असतो. आवाज वाढवला तर तो कर्कश होतो, भारदस्त होत नाही. मग कोणी ‘ड्रायव्हर’ पुन्हा बसवायला सांगतो, कोणी यंत्र दुकानात परत न्यायला सांगतो. दुकानदार दुसरा नग काढून देतो आणि त्यातही डग्गा नसतोच.

ही तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो. बिघाड कुठे आहे आणि कुठे नाही हे ठरवायचे असेल तर स्पीकर या वस्तूचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे. कारण लॅपटॉपच्या स्पीकरपुढची अडचण नवी नाही. ती १९२५ पूर्वी लोकांना नीट उमगलेलीच नव्हती.

ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन १८७६ चा. त्यात विद्युतप्रवाहाच्या चढउतारांनुसार एक पातळ पत्रा थरथरे आणि तो कानाला लावला की बोलणे ऐकू येई. कानाला लावणे महत्त्वाचे. पत्रा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक लहानशी बंद पोकळी तयार होते. पत्रा किंचित हलला तरी ती हवा दाबली जाते आणि सगळा दाब कानावर पडतो. तोच पत्रा टेबलावर ठेवला तर खोलीभरच्या हवेला हलवणे त्याच्या आवाक्याबाहेर असते. आजच्या हेडफोनचा पडदा बोटाच्या पेराएवढा असूनही त्यातून डग्गा ऐकू येतो, त्याचे कारण हेच.

चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवण्याची रचना वर्नर सीमेन्सने १८७४ मध्येच पेटंटमध्ये वर्णिली होती. ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्ये ती ध्वनीसाठी सुधारून तिचे पेटंट घेतले. पण वेटोळ्याला पुरेसा जोर देणारा प्रवर्धक तेव्हा अस्तित्वात नव्हता. ली डी फॉरेस्टची तीन अग्रांची निर्वात नळी १९०६ ची. ती वापरण्याजोगी होईपर्यंत लॉजची रचना कागदावरच राहिली म्हणायला हरकत नाही. पुढे कॅलिफोर्नियात पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम यांनी हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडला व १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. कर्ण्यामुळे लहान पडद्याची हालचाल हवेला नीट पोचते, पण एका मर्यादेपर्यंतच. कर्ण्याचे तोंड जेवढे लहान, तेवढे खालचे सूर त्यातून कमी बाहेर पडतात. आपल्याकडच्या जत्रेत झाडाला टांगलेला पत्र्याचा कर्णा आठवा. निवेदकाचा शब्द न् शब्द मैलभर जातो, पण ढोलकीची फक्त टिणटिण पोचते.

खरी प्रगती झाली ती अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी कर्ण्याशिवायचा स्पीकर तयार केला आणि १९२५ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला वेटोळे, भोवती चुंबक, ही रचना आज आपल्या रेडिओत, दूरचित्रवाणी संचात आणि लॅपटॉपमध्येही आहे. पण त्यांचे खरे श्रेय रचनेपेक्षा त्यामागच्या विचाराला द्यायला हवे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

स्पीकरचा पडदा ध्वनीच्या तरंगलांबीच्या मानाने लहान असेल, तर सूर जसजसा खाली जाईल तसतशी हवा त्याला दाद देईनाशी होते. ती दाबली जाण्याऐवजी बाजूला सरकते. पाण्यात हात हळू फिरवला तर लाट उठत नाही, झटक्यात फिरवला तर उठते, तसेच काहीसे. हिशेब केला तर असे दिसते की पडद्याचा वेग तोच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एक चतुर्थांश होते. आता दुसरी बाजू पाहा. पडदा नुसत्या वस्तुमानासारखा मोकळा असेल आणि त्यावरचे बल तेवढेच ठेवले, तर न्यूटनच्या नियमानुसार त्याचे त्वरण कायम राहते. म्हणजे वारंवारता निम्मी झाली की त्याला वेग घ्यायला दुप्पट वेळ मिळतो आणि वेग दुप्पट होतो. वेग दुप्पट म्हणजे शक्ती चौपट. एकीकडे चौथा हिस्सा, दुसरीकडे चौपट, आणि हिशेब जुळतो! राइस आणि केलॉग यांनी ही जुळणी ओळखून मुद्दाम वापरली. त्यासाठी पडद्याची कड मऊ ठेवायची, म्हणजे त्याची नैसर्गिक कंपनसंख्या ऐकायच्या सुरांच्या खाली जाते आणि तिच्या वरच्या पट्ट्यात आवाज समतोल मिळतो.

दुसरी गोष्ट त्यांनी हाताळली ती आडोशाची. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांत पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना मारतात. मध्ये फळी घातली की हे थांबते. हा प्रयोग वर्गात सहज होतो. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजवा आणि मग त्याच्या तोंडाएवढे भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर तो टेकवा. आवाज एकदम भरदार होतो, आणि मुले पुठ्ठ्याच्या मागे काही लपवले आहे का ते पाहतात.

या हिशेबाला एक अट होती. खालच्या सुरांना पडद्याला लांबवर ये-जा करायला जागा हवी, कारण सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच दाबासाठी हालचाल चौपट लागते. जागा नसेल तर पडद्याचे क्षेत्रफळ वाढवायचे. दोन्ही नसेल तर सूर सोडून द्यायचा.

पुढच्या पन्नास वर्षांत पेटीवर बरेच काम झाले. एडगर विल्चर याने १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खर्ज काढून दाखवला. ‘लहान’ म्हणजे तरी दीड-दोन घनफुटांची पेटी आणि त्यात १२ इंची स्पीकर. नेव्हिल थीले (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७२) या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोघांनी पेटी व स्पीकर यांचे गणित पक्के केले. या साऱ्याचे सार जे. ए. हॉफमन या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘लोहनियमा’त आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते.

संगणकाकडे वळलो की चित्र उलटे होते. आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकात स्पीकर होता, पण त्याला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच कळे, म्हणून तो ‘पीं’ करी. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले. इंटेलने १९९७ आणि २००४ मध्ये ठरवलेल्या मानकांमुळे हे काम मुख्य फलकावरच्या एका चिपमध्ये मावले. आज ही बाजू इतकी सुधारली आहे की साध्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिळणारा संकेत बहुतेकांच्या कानाला पुरून उरतो. मात्र याच काळात लॅपटॉप पातळ होत गेला आणि स्पीकरची जागा आकसत गेली. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियमच्या जोरदार चुंबकांमुळे स्पीकर चपटा करता आला, पण चुंबकाने हवा कुठून आणायची?

अंदाजाने आकडा मांडून पाहू. १२ इंची स्पीकरचे कामाचे क्षेत्रफळ सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर. लॅपटॉपच्या स्पीकरचे समजा ६. म्हणजे ८० पट फरक. मोठा पडदा जिथे १ मिलिमीटर हलतो तिथे तेवढाच खर्ज काढायला लहानग्याने ८ सेंटिमीटर हलायला हवे, आणि अख्ख्या यंत्राची जाडी असते २ सेंटिमीटरच्या आसपास. हा बिघाड नव्हे. कोणताही ड्रायव्हर तो दुरुस्त करणार नाही.

मग प्रश्न असा की याच लॅपटॉपवर तंबोरा मात्र बरा का वाजतो? पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ येते. हा सूर त्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. याचे उत्तर एका जुन्या भांडणात आहे.

जर्मनीत ऑगस्ट झेबेक या पदार्थवैज्ञानिकाने १८४१ मध्ये भोके पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवेचा झोत सोडून सूर काढले. (उष्णताविद्युतचा ‘सीबेक परिणाम’ आपण शिकवतो तो याच्या वडिलांचा.) त्याला आढळले की मूळ सूर अगदी क्षीण असला तरी कान तोच सूर सांगतो. याला विरोध केला जॉर्ज ओहमने, विजेच्या नियमाच्या त्याच ओहमने. १८४३ मध्ये त्याचे म्हणणे असे की त्या वारंवारतेचा घटक ध्वनीत असल्याशिवाय तो सूर ऐकू येणेच शक्य नाही, झेबेकला झाला तो भास. झेबेक १८४९ मध्ये वारला. पुढे हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओहमची बाजू उचलून धरली आणि एवढ्या मोठ्या माणसापुढे झेबेकचा प्रयोग अडगळीत गेला. हार्वे फ्लेचरने १९२४ मध्ये टेलिफोनच्या संशोधनात मूळ सूर गाळूनही स्वर बदलत नाही हे दाखवले. नेदरलँड्समध्ये स्खाउटेनने १९४० च्या सुमारास आणि लिकलायडरने १९५४ मध्ये सिद्ध केले की हा कानातल्या यांत्रिक विकृतीचा परिणाम नाही, उपस्वरांच्या नियमित अंतरावरून श्रवणसंस्थाच मूळ सूर ओळखते. मोठ्या नावाचे वजन विज्ञानात किती काळ टिकते याचा हा एक नमुना आहे. इथे ते ऐंशी वर्षे टिकले.

तंबोऱ्याच्या जवारीमुळे त्याच्या तारेत उपस्वरांची रेलचेल असते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तंबोरा, तबला, मृदंग यांचा अभ्यास केला. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात, हे त्यांनी दाखवले. तंबोऱ्याचा खर्ज आणि उजवा तबला या शिदोरीवर लहान स्पीकरमधून तरतात. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मात्र खालचा सूरच प्रमुख असतो. तो गेला की मेंदूला अंदाज बांधायला फारसे काही उरत नाही.

झेबेकची ही युक्ती आता लॅपटॉप बनवणारेच वापरतात. खालचा सूर आला की त्याचे उपस्वर मुद्दाम तयार करून मिसळायचे, म्हणजे खर्ज असल्याचा भास होतो. शिवाय वेटोळ्यातला प्रवाह मोजून पडदा किती हलतो याचा अंदाज घेणारे प्रवर्धक असतात. या साऱ्याची त्या विशिष्ट यंत्रासाठीची मापे निर्मात्याच्या ड्रायव्हरमध्ये साठवलेली असतात. म्हणून कार्यप्रणाली नव्याने बसवल्यावर आवाज अचानक पत्र्याच्या डब्यासारखा झाला, तर निर्मात्याचा ड्रायव्हर परत बसवणे खरोखरच उपयोगी पडते. पहिल्या दिवसापासून डग्गा नसेल, तर नाही.

एवढे कळले की तपासणी सोपी होते. आधी तारेचे हेडफोन लावावेत. त्यातून डग्गा आला तर चिप आणि ध्वनिमुद्रण दोन्ही ठीक आहेत, प्रश्न फक्त स्पीकरचा. त्यातूनही आवाज खराब असेल तर ध्वनिवर्धनाची सोय बंद-चालू करून पाहावी. स्पीकर खरखरत असेल, एकाच बाजूने वाजत असेल किंवा ठराविक सुराला झणझणत असेल, तर मात्र नग खुशाल बदलून मागावा. बऱ्याच यंत्रांत स्पीकर तळाशी असतात. ते गादीवर किंवा टेबलक्लॉथवर ठेवले की वरचे सूरही घुसमटतात. कडक टेबलावर ठेवले तर टेबलाचा पृष्ठभाग थोडी मदतच करतो.

बिनतारी हेडफोनची गोष्ट वेगळी. गाणे छान वाजत असते आणि बैठक सुरू होऊन मायक्रोफोन चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा होतो. ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एक पद्धत आणि दुतर्फा संभाषणासाठी दुसरी आहे. दुसऱ्या पद्धतीच्या जुन्या प्रकारात सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच जाऊ शकत नाही. पुढे १६००० नमुन्यांचा प्रकार आला, पण तोही दोन्ही उपकरणांना यावा लागतो. अशा वेळी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडला की हेडफोन संगीताच्या पद्धतीवर परततात.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. ध्वनी तयार करणाऱ्या एखाद्या मोफत प्रणालीत ६००, ८०० आणि १००० हर्ट्झचे तीन सूर एकत्र वाजवा व मुलांना तो स्वर पेटीवर शोधायला सांगा. मग ४००, ८०० आणि १२०० वाजवा. पहिल्या वेळी बहुतेक मुले २०० हर्ट्झच्या, म्हणजे मंद्रातल्या पांढऱ्या पाचच्या जवळपासच्या पट्टीवर बोट ठेवतील, दुसऱ्या वेळी एक सप्तक वर. पहिल्या ध्वनीतले सगळे घटक ६०० वा त्याहून वरचे आहेत हे त्यांना नंतरच सांगा. काहींना २०० चा सूर ऐकूच येणार नाही, कारण श्रोत्या-श्रोत्यांत यात फरक असतो. त्यांची नावे वेगळी लिहून ठेवावीत आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग सूर बदलून पुन्हा करावा.