किडनी कॅन्सर: रिपोर्टवरचा 'ग्रेड' म्हणजे 'स्टेज' नव्हे

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर 'ग्रेड ३' दिसलं की घरचे 'तिसरी स्टेज' समजून हबकतात. पण कॅन्सर कुठवर पसरलाय हे स्टेज सांगते. पेशी किती बिघडल्यात, हे ग्रेड. किडनीतच असलेली लहान, पहिल्या स्टेजची गाठही ग्रेड ३ची असू शकते.

१९८२ पासून यासाठी फर्मन पद्धत वापरली जायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये स्वीकारलेली पद्धत मुख्यतः पेशीकेंद्रातला न्यूक्लिओलस हा ठिपका बघते. मायक्रोस्कोपखाली १०० पटीलाच तो ठळक दिसला तर ग्रेड ३, त्यासाठी ४०० पट लागली तर २, तेव्हाही ठळक नसेल तर १. पेशी अवाढव्य, वेड्यावाकड्या झाल्या असतील तर ४.

क्लिअर सेल या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ग्रेड चढतो तसा आजार उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. उपचारही बदलतात. दुसऱ्या स्टेजची गाठ ग्रेड ४ असेल तर ऑपरेशननंतर इम्युनोथेरपीचा विचार होतो. ग्रेड २ असेल तर सहसा नियमित स्कॅनवर भागतं.

तरी एकट्या ग्रेडवरून 'किती वर्षं?' याचं उत्तर काढू नका, स्टेजचं वजन जास्त असतं. आणि क्रोमोफोब प्रकारात ग्रेडची जागा रिकामी दिसली तर घाबरू नका, तिथे हा ग्रेड देतच नाहीत.