गीतांची पायदाने आणि गावचा श्रोता : १९७०–७५ मधील क्रमवारीचा विचार

१९७० ते १९७५ या अवधीतील चित्रपटसंगीताविषयी रसिकांत जो वाद अद्यापि हिरिरीने चालतो, त्यात 'पाकीझा' श्रेष्ठ की 'बॉबी', 'अमर प्रेम' वरचढ की 'अभिमान', असे प्रश्न नेहमी पुढे येतात. प्रत्येक पक्ष आपल्या बाजूने पुरावा देतो. कोणी तबकड्यांच्या खपाकडे बोट दाखवितो, कोणी 'बिनाका गीतमाले'तील स्थान सांगतो, तर कोणी पारितोषिकांची यादी पुढे करतो. हे तिन्ही पुरावे एकाच वस्तूचे मोजमाप करतात असे गृहीत धरल्यामुळेच हा वाद मिटत नाही. वस्तुतः तिन्ही मापे निरनिराळ्या श्रोतृवर्गांची आहेत. हा भेद शहराच्या मध्यभागी उभे राहून नीटसा दिसत नाही. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, मेहकर–सिंदखेडराजा मार्गावर वसलेल्या बीबीसारख्या गावाच्या ठिकाणाहून या प्रश्नाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

प्रथम श्रवणाचा भूगोल ध्यानात घ्यावा. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. पण बीबीपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे, आणि मुंबई त्याहूनही लांब. परभणीचे केंद्र त्या मानाने जवळचे, परंतु ते १९६८ पर्यंत अस्तित्वातच नव्हते. कोलंबो मात्र सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरावर असूनही ऐकू येई, कारण लघुलहरींना अंतराची फारशी क्षिती नसते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेली समर्थ प्रक्षेपणयंत्रणा युद्धोत्तर काळात सिलोनच्या हाती आली, आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी उभा केलेला आवाज भारतातील खेडोपाडी जाऊन पोहोचला. अशा रीतीने वऱ्हाडातील श्रोत्याला सांगीतिकदृष्ट्या स्वतःच्या राजधानीपेक्षा परदेश जवळचा झाला.

या घटनेला दुसरेही एक कारण होते. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय नभोवाणीमंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जवळजवळ दरवाजा बंद केला. केसकर हे महाराष्ट्रीय, स्वतः संगीताचे जाणकार; अभिजात संगीताच्या रक्षणाचा त्यांचा हेतूही प्रामाणिक होता. परंतु रुची आज्ञेने घडत नाही. त्यांच्या धोरणाचा लाभ अभिजात संगीताला किती झाला हे वादग्रस्त असले, तरी रेडिओ सिलोनला तो निःसंशय झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविधभारती' सुरू करून आकाशवाणीने माघार घेतली खरी; पण तोवर बुधवारच्या रात्रीचा आठचा सुमार श्रोत्यांनी कोलंबोला वाहून टाकला होता.

अमीन सयानी यांच्या निवेदनाने सजलेली 'बिनाका गीतमाला' डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाली. आरंभी तिचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गीते ऐकवीत आणि लोकप्रियतेच्या दृष्टीने त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवावा, असा संकेत होता. पत्रांचा ओघ इतका वाढला की ती उघडून तपासणे अशक्य झाले, आणि दोनएक वर्षांतच स्पर्धेच्या जागी क्रमवारी आली. या बदलाचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. स्पर्धेत क्रम लावणारा श्रोता होता. क्रमवारीत तो क्रम ऐकणारा झाला. निर्णयाचा अधिकार तबकड्यांच्या दुकानांकडून येणाऱ्या विक्रीच्या आकड्यांकडे गेला, आणि त्या आकड्यांतील दोष दिसू लागल्यावर त्यांना श्रोतासंघांच्या मतांची जोड देण्यात आली. एखादी तबकडी दुकानातून संपली तर तिचा खप थांबे, म्हणजे अतिलोकप्रिय गीतच खाली घसरे! हितसंबंधीयांनी स्वतःच तबकड्या विकत घेऊन आकडा फुगविण्याची शक्यताही होतीच.

येथे भाषेचा पुरावा विचारात घेण्यासारखा आहे. मराठीत 'पायरी' हा घरचा शब्द असता गीतांच्या बाबतीत श्रोत्यांच्या तोंडी 'पायदान' रुळले, ते सयानींच्या हिंदी निवेदनामुळे. दीर्घकाळ टिकून राहिलेल्या गीताला 'सरताज' ही पदवी देऊन क्रमवारीतून सन्मानाने निवृत्त करीत. तोही शब्द फारशी, आणि त्याचा मूलार्थ शिरावरील मुकुट. 'फर्माईश' या शब्दाचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. त्याच कुळातील 'फर्मान' आणि 'फर्मावणे' हे शब्द मराठीत दरबारी व्यवहारातून फार पूर्वी आले. तेथे फर्मावणारा सत्ताधीश असे आणि ऐकणारा रयत. नभोवाणीने हे नाते उलटे केले. टपाल कचेरीतून पंधरा पैशांच्या आत मिळणाऱ्या पोस्टकार्डावर खेडेगावचा पोरगा 'फर्माईश' लिहू लागला. ज्या प्रदेशात १९५६ पर्यंत, जुन्या मध्य प्रदेश राज्यात असताना, हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या, तेथे ही परिभाषा परकी वाटली नाही यात नवल नाही.

तथापि फर्माईश आणि मत या एक गोष्टी नव्हेत. फर्माईशीच्या कार्यक्रमांत पत्रलेखकांची व गावांची नावे वाचली जात. झुमरीतिलैया या बिहारमधील (आजच्या झारखंडमधील) लहान शहराला सर्व देशात कीर्ती मिळाली ती केवळ यामुळेच. गीत ऐकण्याइतकेच स्वतःच्या गावाचे नाव ऐकणे हाही पत्रामागील हेतू असे. गीतमालेच्या क्रमवारीत मात्र खपाचा वाटा होता, आणि तबकड्यांचा व्यापार शहरांत व मोठ्या बाजारपेठांत एकवटलेला होता. खेड्यात तबकडी पोहोचे ती बहुधा लग्नमंडपाच्या ध्वनिक्षेपकाबरोबर किंवा चहाच्या हॉटेलात. तेथे एक तबकडी शेकडो लोक ऐकत. विक्रीच्या हिशेबात तिची नोंद एकच. ज्या गावात श्रोते सर्वांत अधिक आणि ग्राहक सर्वांत कमी, त्या गावाची रुची या मापाने जवळजवळ शून्य भरते.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने निरखून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी गीतमालेच्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले ते 'हरे रामा हरे कृष्णा' या १९७१ च्या चित्रपटातील आशा भोसले यांच्या गीताला, ज्याला आकाशवाणीने मज्जाव केला होता. शासकीय नापसंती आणि लोकप्रियता यांचे नाते केसकरांच्या काळाप्रमाणेच येथेही व्यस्त ठरले. त्याच वर्षी 'पाकीझा' प्रदर्शित झाला. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच निवर्तले होते. फिल्मफेअर पारितोषिक 'बेईमान'साठी शंकर–जयकिशन यांना मिळाले, तेव्हा त्याच चित्रपटातील सहाय्यक भूमिकेबद्दल मिळालेले स्वतःचे पारितोषिक अभिनेते प्राण यांनी नाकारले. संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता, असे त्यांचे म्हणणे. (जयकिशन हेही १९७१ मध्ये दिवंगत झाले होते, तेव्हा वाद दोन मृतांच्या मानाचा होता असेही म्हणता येईल.) परीक्षकांचा निर्णय, श्रोत्यांची क्रमवारी आणि कलावंतांचा विवेक या तिघांनी एकाच वर्षी तीन दिशा दाखविल्या.

परंतु या तिघांच्याही कक्षेबाहेर राहिलेले एक नाव त्याच वर्षाचे आहे. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ चाच. जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज यांनी ग्रामीण महाराष्ट्र व्यापून टाकला. हिंदी गीतांपुरत्या मर्यादित असलेल्या गीतमालेत त्याला पायदान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दुष्काळाच्या त्या वर्षात मराठी खेड्यातील माणसाच्या ओठांवर काय होते हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने केवळ गीतमालेची यादी चाळली तर त्याच्या हाती अर्धेच उत्तर लागेल.

गीतांची तुलना करून पक्ष घेण्याची सवय आपल्याकडे नभोवाणीने आणली असेही नव्हे. कलगी व तुरा या पक्षांच्या शाहिरांचे सवाल-जवाब रात्रभर चालत. एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा कैवार घेई, आणि कोण निरुत्तर झाला हे समोरचा समुदाय ठरवी. तेथे निर्णय तोंडासमोर, प्रकट आणि सकारण असे. गीतमालेत तो दूर कोठेतरी होऊन आकड्याच्या रूपाने कानावर येई. तो आकडा ऐकूनही गावच्या पारावर पुन्हा वाद घालणारा श्रोता जुनीच रीत नव्या विषयाला लावीत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणखी एक काळविपर्यास टाळावयास हवा. आजचे रसिक या काळातील 'अल्बमां'ची प्रतवारी लावतात. युरोप-अमेरिकेत हा शब्द तबकडीच्या इतिहासातून आला आहे: ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत ठेवीत, त्याला अल्बम म्हणत, १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आल्यावर ते नाव तिला मिळाले. तेथे १९७० नंतर अल्बम हाच कलाकृतीचा घटक झाला. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिला, तो संपूर्ण तबकडी म्हणून. मराठीत मात्र 'अल्बम' म्हणजे छायाचित्रांची वही. संगीताचा घटक होता गीत, आणि त्याहून मोठा घटक 'अमक्या सिनेमाची गाणी'. त्यांचा क्रम तबकडीने ठरविलेला नसून पडद्यावरील प्रसंगांनी ठरविलेला असे. म्हणून 'पाकीझा' आणि 'बॉबी' यांची तुलना अल्बम म्हणून करणारा रसिक नकळत एक उसने माप वापरीत असतो; त्या काळच्या श्रोत्याने ती गीते त्या मापाने ऐकलीच नव्हती.

नावांच्या बाबतीतही श्रोत्याची स्मृती संस्थांपेक्षा चिवट ठरली. सिलोनचे 'श्रीलंका' झाले ते याच १९७२ साली, आणि केंद्राचे अधिकृत नाव श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले. श्रोते मात्र 'रेडिओ सिलोन'च म्हणत राहिले. पुढे बिनाकाचे 'सिबाका' झाले, १९८९ मध्ये गीतमाला विविधभारतीवर आली आणि १९९४ पर्यंत तेथे चालली. तोपर्यंत घरोघर ध्वनिफिती आल्या होत्या, आणि गीतांचा क्रम ज्याचा तो स्वतः लावून फीत भरून घेऊ लागला होता.