हमी संपल्यावर

गावगाड्यात औत करणारा सुतार आणि फाळ शेवटून देणारा लोहार हे गावचेच बलुतेदार. दुरुस्तीचे वेगळे बिल नसे. सुगीला खळ्यावरून ठरलेले धान्य न्यायचे आणि वर्षभर जे मोडेल ते नीट करून द्यायचे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. औत वारंवार मोडले, तर त्यात लोहार-सुताराचा लाभ नव्हता, उलट त्यांचेच काम वाढे. लॅपटॉप बनवणाऱ्या कारखानदाराचे तसे नाही. हमीच्या मुदतीत बिघाड झाला तर खर्च त्याचा. मुदत उलटली, की तोच बिघाड त्याच्या मिळकतीची बाब होतो. ही अवस्था एका दिवसात आलेली नाही.

अमेरिकेत आय.बी.एम. ही कंपनी हिशेबाची यंत्रे बनवी, पण ती विकत नसे, भाड्याने देई. यंत्र कंपनीचे, म्हणून दुरुस्त करणारा माणूसही कंपनीचाच. बाहेरच्या कारागिराला तिथे वाव कुठला? १९५२ साली तिथल्या सरकारने मक्तेदारीचा खटला भरला आणि १९५६ च्या जानेवारीत तडजोडीचा हुकूमनामा झाला. यंत्रे भाड्याबरोबर विक्रीलाही ठेवा, सुटे भाग मालकांना आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना विका, माहितीपुस्तके द्या, असे त्यात होते. संगणक अजून खोलीएवढा होता, तेव्हाच सरकारला हे उमगले होते, की यंत्र विकले आणि सुटा भाग अडवून धरला, तर ती विक्री अर्धीच झाली.

पुढे १९८१ मध्ये याच कंपनीचा टेबलावरचा छोटा संगणक आला. त्याचे विद्युतजोडणीचे नकाशेसुद्धा पुस्तकात छापून मिळत. नंतरच्या पुष्कळशा लॅपटॉपांतही बॅटरी खटका सरकवून निघे, आणि खालचे दोन-चार स्क्रू काढले की मेमरी हाती येई. बाजारातला कारागीर तासाभरात काम उरके.

मग पातळपणाचे वेड आले. (त्यात आपणा गिऱ्हाइकांचाही वाटा आहे बरं का! दुकानात आपणही हलकी वस्तूच आधी उचलतो.) २०१२ साली ॲपल कंपनीने आपला नवा मॅकबुक प्रो काढला. त्याची मेमरी मुख्य पाटीवरच डाख देऊन बसवलेली, आणि बॅटरी आतून चिकटवलेली. आता एवढासा भाग बिघडला, तरी त्याला जोडलेले सारे बदलावे लागू लागले.

याचा खरा अनुभव आला तो कळफलकाच्या बाबतीत. २०१५ पासून या कंपनीने अतिशय पातळ कळा बसवल्या. धुळीच्या कणानेही कळ अडू लागली. एक अक्षर उमटेना, तर दुसरे दोनदा उमटे. कळफलक वरच्या झाकणाला पक्का रिवेट केलेला आणि बॅटरी त्याच झाकणाला चिकटवलेली. तेव्हा एका कळेसाठी कळफलक, झाकण आणि बॅटरी, सगळेच नवे! हमी संपलेल्या मालकापुढे काही शेकडो डॉलरचे बिल येई. लोक कोर्टात गेले. जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत ही दुरुस्ती फुकट करण्याची योजना काढली, आणि २०२२ साली, चूक कबूल न करता, पाच कोटी डॉलर देऊन खटला मिटवला.

दुरुस्तीची किंमत खर्चावरच ठरते असे ज्याला वाटत असेल, त्याने आणखी एक आकडा पाहावा. जुन्या आयफोनांचा वेग कंपनीनेच कमी केल्याचे २०१७ च्या अखेरीस उघड झाले आणि लोक चिडले. तेव्हा हमीबाहेरची बॅटरी बदलण्याचा ७९ डॉलरचा दर २०१८ सालापुरता २९ डॉलर झाला. काम तेच होते. दर मात्र लोकांच्या रागाने उतरला.

कारखानदारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. लिथियमची बॅटरी अडाणी हाताने टोचली गेली तर पेट घेते, हे खरेच आहे. पण बाहेरच्या दुरुस्तीवर घातलेल्या निर्बंधांना या कारणांचा आधार कितपत, याची तपासणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केली. मे २०२१ च्या अहवालात आधार फारच तोकडा असल्याचे म्हटले. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला. शंभर डॉलर वा त्याहून महाग वस्तूंचे सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तके सात वर्षे पुरवली पाहिजेत, मग हमीची मुदत कितीही असो.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारी, मोबाइल आणि घरगुती उपकरणे होतीच, शिवाय शेतीची अवजारेही होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे सरकारी पोर्टल उघडले. सुटे भाग, दुरुस्तीचे दर आणि हमीच्या अटी कंपन्यांनी तिथे मांडाव्यात, अशी योजना आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तरी शाळेसाठी लॅपटॉप घेताना गुरुजींनी दुकानदाराला किमतीच्या जोडीने एवढे विचारावेच : बॅटरी आणि कळफलक सुटा बदलता येतो का, आणि हमी संपल्यावर त्याचे किती पडतील?