बंदुकीवरचे साल

जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे वय तिच्या उजव्या बाजूवर कळते. मुकुट, ‘व्ही. आर.’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे, एन्फिल्ड कारखान्याचे नाव आणि साल तेथे ठोकलेले असते. सरहद्दीवरच्या नकलांत हीच अक्षरे चुकलेली सापडतात. मूळ भाग शाबूत असतील तर किंमत चढते. हा झाला लिलावातला हिशेब.

परंतु ते साल घडणीचे. शिपायाच्या हातातले नव्हे. 1857 नंतर देशी पलटणींना मुद्दाम मागच्या पिढीची हत्यारे दिली जात. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा देशी शिपायाकडे मार्टिनी आली. त्याच सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. 1894 साली निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बंदूक कोणाला नाकारली, हे बंदुकीवर लिहिलेले नसते. त्यासाठी तो अर्ज वाचावा लागतो.