नर्सिंग होमच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली, तर दाद कुठे मागायची?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं छोटं खासगी रुग्णालय. तिथे म्हातारी आई रात्री पलंगावरून पडते, कूस बदलली नाही म्हणून पाठीला जखमा होतात, किंवा चुकीचं इंजेक्शन दिलं जातं. आपण 'नशिबात होतं' म्हणत बिल भरून घरी येतो. पण कायद्याच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तिची भरपाई मागता येते.

जबाबदार कोण?

'चूक नर्सची, आमची नाही' हे उत्तर टिकत नाही. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात नर्सने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख ही भरपाई कायम केली.

आधी कागद

केसपेपर, नर्सिंग चार्ट, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि अर्जावर पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जखमेचे फोटो तारखेसह ठेवा, बिलाच्या पावत्या सांभाळा.

तक्रार कुठे?

जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत घटनेपासून दोन वर्षं. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी हक्क जात नाही. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते रुग्णालय या कायद्यात येत नाही.

हेही लक्षात ठेवा

उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नव्हे. नेहमीची काळजी घेतली गेली नाही, हे आपल्याला दाखवावं लागतं. चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञाचा अहवाल दर वेळी लागत नाही, असं न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं.

रागाच्या भरात तोडफोड तर मुळीच करू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मग फिर्यादी ते होतात आणि आरोपी आपण. आपण शांत डोक्याने अर्ज लिहू या.