संगणक-चालक व मुक्त आज्ञावली

संगणकाची परिचालन प्रणाली आणि त्यास जोडलेली प्रिंटर, स्कॅनर, ध्वनिपट्ट इ. साधने यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस चालक किंवा ड्रायव्हर म्हणतात. परिचालन प्रणाली बदलली की बहुधा चालकही बदलावा लागतो. तो न मिळाल्यास धडधाकट साधनही निरुपयोगी ठरते. हा चालक अद्ययावत कोणी ठेवावयाचा, या प्रश्नाचे स्वरूप मुंबईत संगणकाच्या पिढ्यांबरोबर पालटत गेलेले दिसते.

प्रारंभी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत र. नरसिंहन् व त्यांचे सहकारी यांनी बांधलेला अंकीय संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. निर्वात नलिका व फेराइट गाभ्यांची स्मृती असलेल्या या यंत्रास माहिती छिद्रित कागदी पट्टीवरून पुरविली जाई आणि उत्तरे दूरमुद्रकावर उमटत. यंत्र बांधणारे व त्यासाठी आज्ञावली लिहिणारे एकाच छपराखाली वावरत असल्याने साधनांची अंतर्गत रचना कोणापासून गुप्त नव्हती. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन बनावटीचा ‘सीडीसी ३६००’ हा संगणक आला. गणनशक्ती अनेक पटींनी वाढली. मात्र साधने हाताळणारी मूलभूत आज्ञावली आता यंत्राबरोबर निर्मात्याकडून येऊ लागली. या परावलंबनाची दुसरी बाजू १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने भारतातील व्यवसाय आवरला तेव्हा प्रकट झाली. तिच्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीस प्रेरक ठरलेली एक घटना प्रिंटरशीच निगडित आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर मिळाला. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत कागद अडकल्याची सूचना वापरकर्त्यांना मिळेल अशी सुधारणा केली होती. नव्या प्रिंटरसाठी त्यांना तसे करता आले नाही, कारण त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता उपलब्ध नव्हती; ज्याच्यापाशी ती होती त्या संशोधकाने गुप्ततेच्या करारामुळे ती देण्यास नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. आज्ञावली वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांना देण्याची मोकळीक असा त्याचा अर्थ आहे.

फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्झ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा प्रणालीचा गाभा पुढील वर्षी ग्नू परवान्याखाली आला. त्याच्या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग चालकांनी व्यापलेला आहे. गाभ्याच्या अंतर्गत रचनेत कोणी बदल केला, तर त्या बदलामुळे बाधित होणारे, गाभ्यातच समाविष्ट असलेले सर्व चालक त्यानेच दुरुस्त करावेत, असा तेथील प्रघात आहे. त्यामुळे निर्मात्याने लक्ष काढून घेतल्यावरही चालक पुढील आवृत्तीबरोबर वाटचाल करतो. वेगळी अद्ययावतता शोधत फिरण्याची गरज अशा साधनांबाबत सहसा पडत नाही.

मुंबईत ही अडचण सर्वांत ठळकपणे दिसते ती गिरगावलगतच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. जुन्या लॅमिंग्टन रोड या नावानेच लोक त्यास ओळखतात. विजकीय सुट्या भागांच्या या बाजारात निरनिराळ्या कंपन्यांचे भाग जुळवून संगणक तयार केले जात, आणि प्रत्येक भागाबरोबर चालकाची स्वतंत्र चकती मिळे. चार-पाच वर्षांत चकती हरवे, नवी प्रणाली येई आणि दादर, परळ वा लालबागमधील एखाद्या लहान कार्यालयाचा प्रिंटर अबोल होई. अशा वेळी महाजालावरील अनोळखी ठिकाणाहून चालक उतरवून घेण्याचा मोह घातक आहे. चालकाच्या वेषात अपायकारक आज्ञावली संगणकात शिरू शकते, आणि चालकास प्रणालीच्या अंतर्भागात प्रवेश असल्यामुळे तिचा उपद्रवही मोठा असतो.

विंडोज प्रणालीसाठी ‘स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर’ हे मुक्त साधन उपलब्ध आहे. संगणकातील भाग ओळखून साठवलेल्या संचातून योग्य चालक ते बसविते. महाजालाची जोडणी नसतानाही हे काम होते, ही दुरुस्ती करणाऱ्यास मोठीच सोय. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बसविणारे साधन मुक्त असले, तरी ते बसविते ते चालक बहुतेक निर्मात्यांचे व बंदिस्तच असतात. निर्मात्याने नवा चालक तयार केला नसेल, तर त्या साधनाचाही इलाज चालत नाही. याउलट लिनक्सवरील स्कॅनरसाठीचा ‘सेन’ आणि मुद्रणासाठीचा ‘कप्स’ या मुक्त प्रकल्पांमुळे निर्मात्यांनी सोडून दिलेली अनेक यंत्रे चालू राहिली आहेत. आलेखी प्रक्रियकांच्या क्षेत्रात मात्र गुप्तता दीर्घकाळ टिकली. एनव्हिडिया कंपनीने आपल्या लिनक्स चालकाच्या गाभ्यात बसणाऱ्या भागाची संहिता २०२२ मध्ये खुली केली.

संहिता खुली असली, तरी ती सांभाळणारा माणूस व तपासणीसाठी चालू स्थितीतील यंत्र ही दोन्ही लागतात. लिनक्समधील फ्लॉपी चकतीच्या चालकाबाबत हे २०१९ मध्ये दिसून आले. चालू स्थितीतील फ्लॉपी-यंत्रे दुर्मिळ झाल्याने टोर्व्हाल्ड्झ यांनी त्या चालकाची नोंद ‘अनाथ’ अशी केली. पुढे दुसऱ्या एका विकासकाने त्याची देखभाल आपल्याकडे घेतली.